शेतकऱ्यास शिकविणारा देव

(मननासाठी शास्त्रभाग : यशया २८ : २३ ते २९)



वर नेमलेला शास्त्रभाग आपल्या मंडळ्यांत क्वचितच वाचला जातो. यशया संदेष्टा यरुशलेमेतील अधिकाऱ्यांना कडक शब्दांत बोध करीत असता मध्येच नगर सोडून शेताच्या बांधावर येऊन उभा राहतो, आणि नांगर धरणाऱ्या एका साध्या मनुष्याकडे बोट दाखवितो. हा मनुष्य वर्षभर नांगरतच बसतो काय, असे तो विचारतो. नाही, जमीन सारखी झाली म्हणजे तो शहाजिरे विखरतो, जिरे पेरतो, गव्हाच्या ओळी घालतो, जव नेमल्या जागी लावतो आणि शेताच्या कडेला निराळे धान्य टाकतो. मळणीच्या वेळीही तो सर्व पिकांस एकच न्याय लावीत नाही. जिऱ्यावरून तो गाडीचे चाक फिरवीत नाही, तर ते काठीने झोडतो. आणि ही सारी रीत त्याला कोणी शिकविली? संदेष्टा सांगतो की, ती त्याच्या देवाने शिकविली.

बंधूंनो, हे किती मोठे बोलणे आहे! मोशेला नियमशास्त्र शिकविणारा देव आणि कुणब्याला पेरणीची वेळ शिकविणारा देव एकच आहे. पुस्तकातील ज्ञान तेवढे देवाचे आणि शेतातील ज्ञान मात्र मनुष्याचे, असा भेद संदेष्टा करीत नाही.

हा भाग आज आपणांपुढे मांडण्याचे कारण असे. सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला तो आपणांपैकी कोणी विसरला नसेल. आपल्या धाराशिव जिल्ह्यात भूम व परंडा ह्या भागांत लोकांना पुराच्या पाण्यातून बाहेर काढावे लागले. पुष्कळ ठिकाणी पिकाबरोबर शेतातील मातीही वाहून गेली. त्या दिवसांत लोहारा तालुक्यातील एका गावी मी एका बांधवाच्या घरी प्रार्थनेस गेलो होतो. त्याचे सोयाबीन पाण्यात उभे होते, आणि शेंगांना जागच्या जागी कोंब फुटले होते. प्रार्थना संपल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला, आणि मग म्हणाला, “पाळकसाहेब, दहा वर्सांमागं पानी नव्हतं म्हनून आपुन रडलो. आता पानी लई झालं म्हनून रडतोय. हा देवाचा कोप म्हनायचा का? आन् कोपच असंल, तर त्या शेतीशाळेला जाऊन तरी काय व्हायचंय?”

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघालो. परंतु वाटेने येताना माझे मन मला दोष देऊ लागले. ज्याने विचारले त्याला उत्तर देणे हे पाळकाचे कर्तव्य आहे. आजचा हा बोध म्हणजे त्या बांधवाला माझे उशिरा दिलेले उत्तर होय; आणि तोच प्रश्न आपणांपैकी पुष्कळांच्या मनात असेल, म्हणून ते मी सर्वांपुढे देत आहे.

प्रथम कोपाविषयी बोलू. आपल्या प्रभूला लोकांनी अशाच एका आपत्तीची हकीकत सांगितली, तेव्हा शिलोहातील बुरूज पडून जे अठरा जण मेले त्यांची आठवण त्याने स्वतःच काढली, आणि ते इतरांहून अधिक पापी नव्हते असे स्पष्ट सांगितले (लूक १३). ह्या तालुक्याला तर हे निराळे शिकवावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जो भूकंप झाला त्यात किल्लारी व सास्तूर ह्या परिसरातील सुमारे दहा हजार माणसे झोपेतच गेली. सास्तूरची माणसे मेली ती इतर गावांहून अधिक पापी होती, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? चिखलात रचलेल्या जड दगडी भिंती आणि वरचे मातीचे भारी धाबे, ही खाली कोसळली. घर कसे बांधावे हे ज्ञान त्या भिंतींत नव्हते. तेव्हा आपत्तीनंतर आपण प्रथम विचारावयाचा प्रश्न ‘पाप कोणाचे?’ हा नसून ‘आता आपण काय शिकावे?’ हा आहे.

तसेच ह्या पावसाचे. पाण्यासाठी रडणे आणि पाण्यामुळे रडणे ही दोन्ही एकाच कारणाची फळे आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गेली दोन शतके मनुष्याने कोळसा व खनिज तेल जाळून आकाशात कर्बवायूचा थर वाढविला आहे. यंत्रयुगाच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. आता तो ४२० भागांहून अधिक झाला आहे. हा वायू पांघरुणाप्रमाणे पृथ्वीची उष्णता धरून ठेवतो. हवा एक अंशाने तापली म्हणजे ती सुमारे सात टक्के अधिक वाफ पोटात धरू शकते. ह्यामुळे जमिनीतली ओल ती अधिक लवकर शोषते, आणि जेव्हा ती वाफ सोडते तेव्हा एकदम ओतून टाकते. मध्य भारतातील १९५० ते २०१५ ह्या काळातील पावसाच्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्याचे त्यांना आढळले. आपण तर हे डोळ्यांनी पाहिले आहे. २०१४ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत गारपिटीने उभी रब्बी झोडपली. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. आणि २०२५ मध्ये महापूर आला. हवामान बदलले आहे. आपल्या आजोबांनी नक्षत्रांवर बसविलेले पेरणीचे गणित आता पूर्वीसारखे जुळत नाही, ह्यात त्यांचे अज्ञान नाही. त्यांना ज्या शाळेत शिकावयास मिळाले त्या शाळेचे धडेच आता पालटले आहेत.

यास्तव पुन्हा शाळेत बसणे आपणांस भाग आहे. ह्या शाळेविषयी तीन गोष्टी मी सांगतो.

पहिली गोष्ट ही की, देव शेतकऱ्याला शेतातच शिकवितो.

संदेष्ट्याने वर्णिलेला नांगऱ्या कोणाचे व्याख्यान ऐकून शहाणा झाला नाही. त्याने पाहिले, करून पाहिले, पीक वेगळे तशी रीत वेगळी ठेवली. आज ज्याला आपण शेतीशाळा म्हणतो तिची रीत हीच आहे. ह्या शाळेचा आरंभ १९८९ साली इंडोनेशिया देशात झाला. तेथे भातावर तुडतुडे फार पडत, आणि औषध जितके अधिक फवारावे तितके ते वाढत. कारण त्या औषधाने तुडतुड्यांना खाणारे कोळी व किडेही मरत. तेव्हा शेतकऱ्यांना दर आठवड्यास शेतात नेऊन, रोप उपटून, कोणता किडा शत्रू व कोणता मित्र हे त्यांच्याच हातांनी मोजावयास लावले. मोजता मोजता ते शहाणे झाले, आणि फवारणी कमी झाली.

महाराष्ट्रात २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. बदलत्या हवामानाला तोंड देण्यासाठीच तो होता, आणि आपला जिल्हा धरून मराठवाडा व विदर्भ ह्यांतील हजारो गावांत त्याने अशा शेतीशाळा भरविल्या. एका शेतकऱ्याच्या रानात प्रात्यक्षिकाचा तुकडा करावयाचा. त्याच्या शेजारी नेहमीच्या रीतीचा तुकडा ठेवावयाचा. आणि हंगामभर सर्वांनी ठरल्या दिवशी तेथे जमून दोहोंची तुलना करावयाची, अशी तिची पद्धत. कोणी कोणाचे ऐकून विश्वास ठेवावयाचा नाही, डोळ्यांनी पाहावयाचे.

तेथे जे शिकवितात त्यांपैकी तीन धडे सांगतो, म्हणजे ही शाळा केवढ्या साध्या गोष्टींची आहे हे कळेल. पेरणीपूर्वी सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे आणि किती उगवतात ते मोजावे. सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणे चांगले. कमी उगवले तर त्या मानाने बियाणे वाढवावे. ही परीक्षा घरच्या माऊलीलाही करता येते, आणि तिला एक पैसा लागत नाही. दुसरा धडा असा की, पहिल्या सरीने हुरळून जाऊ नये. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमीन पुरती भिजल्यावाचून चाड्यावर मूठ धरू नये. दुबार पेरणीने किती घरे कर्जात गेली हे आपण जाणतो. तिसरा धडा रुंद सरी-वरंब्याचा. पिकाच्या काही ओळींसाठी रुंद वरंबा करून त्याच्या दोन्ही बाजूंस सरी ठेवली, तर पावसाची ओढ बसली असता वरंब्यात ओल टिकते, आणि पाऊस धो धो झाला असता जादा पाणी सरीतून निघून जाते. दुष्काळ आणि महापूर ह्या दोन्ही शत्रूंवर एकच उपाय! मात्र जेथे नदीच शेतावरून गेली तेथे कोणताही वरंबा टिकला नसता, हेही मी प्रामाणिकपणे सांगतो. ज्ञान सर्व हानी टाळीत नाही. पण जी टाळता येते तिच्यासाठी आपण उत्तरदायी आहो.

दुसरी गोष्ट ही की, ह्या शाळेचे दार घरातील स्त्रीलाही उघडे आहे.

१९९३ च्या भूकंपानंतर आपल्याच भागात एक नवल घडले. पडझड झालेल्या घरांची दुरुस्ती व मजबुती करण्याचे काम सरकारने हाती घेतले, आणि लोकांनी ते स्वतः समजून करावे म्हणून गावोगावी संवाद सहायक नेमले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. ज्यांनी कधी चावडीची पायरी चढली नव्हती त्या बायका भिंतीचा कोपरा कसा बांधावा आणि पट्टी कोठे घालावी, हे शेजारणींस सांगू लागल्या. ह्याच कामातून प्रेमा गोपालन ह्या बाईंनी स्थापिलेली ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था उभी राहिली. बाई २०२२ साली निवर्तल्या. परंतु त्यांनी संस्थेला दिलेले नाव किती अर्थपूर्ण आहे पाहा. आपणच शिकावयाचे, करून पाहावयाचे, आणि मग दुसऱ्यास शिकवावयाचे.

पुढे दुष्काळाची वर्षे आली तेव्हा ह्या स्त्रियांनी आणखी एक पाऊल टाकले. सर्व रानात एकच नगदी पीक, आणि ते गेले की घरात दाणा नाही, अशी गावोगावी दशा झाली होती. तेव्हा त्यांनी आपल्या घरच्या माणसांकडे सबंध शेत मागितले नाही; अर्धा एकर किंवा एक एकर तेवढा मागितला. त्या तुकड्यात त्यांनी ज्वारी, डाळी, पालेभाज्या, वेलभाज्या अशी नाना प्रकारची पिके लावली. शेण व पालापाचोळा ह्यांपासून खत केले, घरचे बियाणे राखले, थेंब थेंब पाण्यावर पीक काढले. आधी घरच्यांच्या ताटात अन्न, आणि उरेल ते बाजारात, हा त्यांचा नियम. एक पीक गेले तरी दुसरे हाती लागे. ज्या शिकल्या त्यांनी दुसऱ्या गावी जाऊन इतर बायकांना शिकविले. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने ह्या कार्यास इक्वेटर पारितोषिक दिले. धाराशिव-लातूरच्या बायकांनी एका एकरात केलेले काम सर्व जगाने पाहिले!

संदेष्ट्याच्या नांगऱ्याची आठवण करा. तोही एका रानात एकच पीक घेत नव्हता. ओळीत एक, नेमल्या जागी दुसरे, कडेला तिसरे. आणि नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील सद्गुणी स्त्री आठवा. तिच्या गृहकृत्यांविषयी आपण पुष्कळ प्रवचने ऐकली. परंतु ती शेत पारखून विकत घेते आणि स्वतःच्या मिळकतीतून द्राक्षमळा लावते, हे सोळावे वचन आपण झटकन वाचून पुढे जातो. देव ज्या स्त्रीला शेत पारखण्याची बुद्धी देतो, तिला आपण बांधावर बसवून केवळ भाकरी आणावयास लावतो काय?

येथे मला स्वतःचा एक दोष सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी ज्या मंडळीत होतो तेथील बायकांनी, गावातील इतर बायकांबरोबर खताचे व बियाण्याचे शिक्षण घेण्यासाठी मंदिराची पडवी मागितली. आम्ही पंचांनी बसून विचार केला आणि नाही म्हटले. मंदिर प्रार्थनेसाठी आहे, तेथे गांडुळांच्या गोष्टी कशाला, असे आमचे म्हणणे. आमच्यापैकी एकालाही यशयाचा हा अध्याय आठवला नाही. त्या बायका एका झाडाखाली जमल्या, आणि ऊन चढले तशी सावलीबरोबर सरकत राहिल्या. दोन हंगामांनंतर, जेव्हा टंचाईच्या दिवसांत त्यांच्याच घरून आमच्या मंडळीच्या म्हाताऱ्या विधवांना भाजी गेली, तेव्हा आम्हांस लाज वाटली आणि आम्ही पडवी उघडली. जे काम देवाचेच होते त्याला आम्ही देवाच्या घरी जागा नाकारली होती. ही चूक दुसऱ्या कोणत्या मंडळीने करू नये म्हणून मी ती सांगत आहे.

तिसरी गोष्ट ही की, ह्या शाळेत शिकलेले शेजाऱ्यासाठी आहे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात अगब नावाच्या संदेष्ट्याने मोठा दुष्काळ पडणार असे आधीच सांगितले. अंत्युखियातील शिष्यांनी काय केले? ‘पडेल तेव्हा पाहू’ असे ते म्हणाले नाहीत. आणि ‘आमच्या घरी धान्य आहे’ असेही म्हणाले नाहीत. प्रत्येकाने आपापल्या शक्तीप्रमाणे यहूदियातील बांधवांसाठी मदत पाठविण्याचा निश्चय केला. आज हवामानखाते पुढील दिवसांचा अंदाज सांगते. तो पुष्कळांच्या हातातील फोनवर येतो. परंतु ज्याच्या हाती फोन नाही, ज्याला वाचता येत नाही, जो दुसऱ्याच्या रानात मजुरी करतो, त्याला तो कोण सांगणार? ऐकलेला अंदाज शेजाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत नेणे हीदेखील सेवा आहे.

शेजारी म्हणजे केवळ आपल्या गल्लीतील नव्हे. आपल्या धुराने दूरच्या माणसाचीही हवा तापते. सरासरीने पाहिले तर एक भारतवासी जगातील सामान्य मनुष्याच्या निम्म्याहूनही कमी कर्बवायू सोडतो, आणि आपल्या खेड्यातील मजूर तर त्याहूनही फारच थोडा. ज्यांनी पुष्कळ जाळले त्यांच्यावर मोठा भार आहे, आणि त्यांनी तो उचलावा असे म्हणण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. आमोस संदेष्टा गरिबाला तुडविणाऱ्यांपुढे गप्प बसला नाही. तथापि, थोड्या गोष्टी आपल्याही हातात आहेत, आणि त्यांतील बहुतेक आपल्याच लाभाच्या आहेत. ऊस तुटल्यावर पाचट पेटवून देण्याची रीत आपल्याकडे आहे. त्या एका काडीने धूर तर होतोच, शिवाय जमिनीचे खत व ओल दोन्ही जळून जातात. तेच पाचट सरीत पसरून कुजू दिले तर पाणी वाचते आणि माती मऊ होते. युरिया गरजेहून अधिक टाकला तर पिकाला न लागलेल्या खतातून असा एक वायू निघतो की तो वजनाने तितक्याच कर्बवायूच्या सुमारे २७० पट उष्णता धरतो. म्हणजे आपण विकत घेतलेले खत आकाशात उडवितो, आणि वर त्याची शिक्षाही भोगतो. शेणाचा गोबरगॅस केला तर चुलीचा धूर जातो, माऊलीचे डोळे वाचतात, आणि उरलेला काला शेतास उत्तम खत होतो. बांधावर लावलेले झाड उन्हाळ्यात सावली देते आणि पावसाळ्यात माती धरते. ह्या गोष्टींना शेजारप्रीतीचे निराळे नाव द्यावयास नको. त्या शेजारप्रीतीच आहेत.

आता एक इशारा. शिक्षणाचे गोडवे गाताना गरिबाच्या माथी दुहेरी ओझे मारू नका. ‘तू शिकला नाहीस म्हणून बुडालास’ असे ज्याचे शेत वाहून गेले त्याला म्हणणे हे ईयोबाच्या मित्रांचे बोलणे होय. नुकसानभरपाई, पीकविमा, कामाची मजुरी ह्या त्याच्या हक्काच्या गोष्टी आहेत, आणि त्यांसाठी अर्ज लिहून देणे, पंचनाम्याच्या वेळी त्याच्याबरोबर उभे राहणे, हेही उपदेशकाचे काम आहे. तसेच ज्या घरी जमीनच नाही तेथे एक एकराचा धडा कोणाला सांगणार? अशा बहिणींसाठी शेळी, कोंबड्या, परसातील दोन वाफे, किंवा चार जणींनी मिळून खंडाने घेतलेला तुकडा, हा विचार मंडळीने करावा. आणि ज्या घरी जमीन आहे पण सातबाऱ्यावर स्त्रीचे नाव नाही, तेथे पुरुषांनो, तुम्हांस विचारतो : जिच्या घामाने ते रान पिकते तिचे नाव त्या कागदावर असावे, हे तुम्हांस न्यायाचे वाटत नाही काय? पतीने आपल्या नावाबरोबर पत्नीचे नाव लावावे म्हणून सरकारची लक्ष्मी मुक्ती योजनाही आहे. तलाठ्याकडे जाऊन विचारा.

उपदेशक बंधूंनो व मंडळीच्या पंचांनो, शेवटी तुम्हांस माझी विनंती आहे. तुमच्या गावी शेतीशाळा भरत असेल तर प्रथम तुम्ही स्वतः जाऊन बसा. गुरू म्हणून नव्हे, विद्यार्थी म्हणून. भरत नसेल तर तालुक्याच्या कृषी कार्यालयात जाऊन ती मागा. मंदिराची पडवी, ओटा, अंगण ह्या कामास उघडे ठेवा, आणि तेथे येणाऱ्यास तो कोणत्या जातीचा व कोणत्या धर्माचा हे विचारू नका. पाऊस विचारीत नाही. मंदिराच्या भिंतीवर एक साधी पाटी लावून किती पाऊस झाला ते मुलांकडून रोज लिहवून घ्या. मुले मोजावयास शिकली म्हणजे घर मोजावयास शिकते. पेरणीपूर्वीच्या रविवारी बियाण्याच्या थैल्या आणून त्यांवर आशीर्वाद मागण्याची सुंदर रीत कित्येक मंडळ्यांत आहे. ह्यापुढे त्या थैल्यांतील शंभर दाणे आधी गोणपाटात उगवून पाहा, आणि मग आशीर्वाद मागा. परीक्षा करणे हा अविश्वास नव्हे. ज्याने बुद्धी दिली त्याचा तो मान आहे.

याकोबाच्या पत्रात वचन केवळ ऐकणाऱ्याची तुलना आरशात तोंड पाहून लगेच विसरणाऱ्या मनुष्याशी केली आहे. शेतीशाळेलाही हीच गोष्ट लागू पडते. ऐकून, टाळ्या वाजवून, चहा घेऊन घरी गेलेल्या मनुष्याच्या शेतात पुढल्या वर्षीही तेच तण उगवेल. जो एक वाफा करून पाहील त्यालाच ती शाळा फळ देईल.

ज्या बांधवाच्या प्रश्नापासून मी आरंभ केला त्याच्याकडे मी पुन्हा गेलो. हे सर्व त्याला इतक्या शब्दांत सांगितले नाही. त्याच्या ओसरीवर बसून यशयाचा तेवढा भाग वाचला, आणि म्हटले, “देवानं तुमच्यावर कोप केला असं मला दिसत नाही. तुम्हांला शिकवायला तो अजून थकलेला नाही, असं मात्र ह्या पुस्तकात दिसतं.” तो काही बोलला नाही. आतून त्याची कारभारीण म्हणाली, “मला वीस गुंठे द्यायला सांगा की त्यांना.” तो हसला, बऱ्याच दिवसांनी मी त्याला हसताना पाहिले. पाणी ओसरल्यावर त्याने विहिरीकडचे वीस गुंठे तिला दिले. तिने त्यात हरभरा, मेथी, पालक आणि कडेने करडई घातली. बंधुभगिनींनो, कडेने करडई! संदेष्ट्याच्या नांगऱ्यानेही कडेला निराळे धान्य टाकले होते. तिने तो अध्याय त्या दिवशी प्रथमच ऐकला होता. पण शिकविणारा तोच होता.

आपण प्रार्थना करू या. हे पित्या, तू नांगऱ्याला शिकविलेस, आम्हांसही शिकीव. पाऊस उशिरा आला तर आम्हांस धीर दे, फार आला तर एकमेकांचा हात धरावयास लाव. जे आम्ही शिकलो ते आमच्या शेजाऱ्यापासून लपवून ठेवू नये, जे ठाऊक नाही ते विचारण्यास आम्हांस लाज वाटू नये, आणि आमच्या घरातील स्त्रीला तू दिलेली बुद्धी आम्ही पुरुषांनी कधी तुच्छ लेखू नये, असे कर. ज्यांची शेते वाहून गेली त्यांचे सांत्वन कर, आणि त्यांच्याकडे जावयास आमचे पाय हलीव. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.